वाचकांचे प्रश्न : माथेरानची गाडी आणि गावोगावची जुनी स्टेशनं

नेरळ–माथेरानच्या छोट्या गाडीबद्दल आणि बंद पडलेल्या नॅरोगेज मार्गांवरच्या स्टेशनांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माथेरानची रेल्वे इंग्रज सरकारनं बांधली असं काही ठिकाणी वाचलं, तर तिथले गाईड ‘पीरभॉय’ हे नाव सांगतात. खरं कोणतं? आणि रूळ एवढे वळणावळणाचे का? (कर्जत)

गाईड बरोबर सांगतात. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढून गेले आणि माथेरान थंड हवेचं ठिकाण म्हणून नावारूपाला आलं. पण पुढची छप्पन-सत्तावन्न वर्षं नेरळहून वर जायचं तर घोडा, डोली किंवा आपले पाय, एवढेच पर्याय होते. रेल्वेसाठी पैसा उभा केला तो मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी, आणि काम तडीस नेलं त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. १९०४ मध्ये काम सुरू झालं, मार्च १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च आला सुमारे सोळा लाख रुपये, तोही त्या काळचा. एका भारतीय कुटुंबानं स्वतःच्या पैशानं बांधलेला हा घाटमार्ग आहे, आणि हे स्टेशनांवर आजच्यापेक्षा ठळक लिहिलेलं असायला हवं.

वळणांचं कारण साध्या हिशेबात आहे. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे ७६० मीटर चढायचे. या मार्गावरचा सर्वांत खडा चढ १:२० आहे. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. सगळा रस्ता याच चढानं बांधला असता तरी १५ किलोमीटर रूळ लागले असते. नेरळ ते माथेरान सरळ रेषेतलं अंतर मात्र सात किलोमीटरही नाही. उरलेली लांबी डोंगराच्या कुशीत वळणं घेऊनच मिळवावी लागते. शिवाय स्टेशनांत सपाट जागा हवी आणि तीव्र वळणावर चढ थोडा कमी ठेवावा लागतो, कारण वळणावर चाकाची कड रुळाला घासून ओढ वाढते. असं करत मार्ग २० किलोमीटरच्या वर गेला. दोन रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर ठेवलं तेही याचसाठी. रूळ जितके जवळ तितकं वळण आवळता येतं आणि डोंगर कमी कापावा लागतो.

प्रश्न : २००५ आणि २०१९ च्या पावसानंतर गाडी इतकी वर्षं बंद का राहिली? रूळ पुन्हा टाकायला एवढा वेळ लागतो का? (बदलापूर, पनवेल, पुणे)

रूळ टाकायला नाही लागत. वेळ लागतो तो रुळाखालची जमीन पुन्हा उभी करायला.

२६ जुलै २००५ च्या पावसात हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षात, पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या दोन घटना घडल्या, गाडी थांबवली गेली आणि नेरळपासूनची पूर्ण सेवा २०१८ च्या सुरुवातीला परतली. ऑगस्ट २०१९ च्या पावसानं पुन्हा मार्ग उखडला. यावेळी नेरळहून गाडी सुटायला २२ ऑक्टोबर २०२२ उजाडला. यात २०१६ चं प्रकरण वेगळं आहे, त्यातून ब्रेकचा प्रश्न पुढे आला. पूर्वी डब्यांमध्ये ब्रेकमन बसत आणि ड्रायव्हरच्या शिटीच्या इशाऱ्यावर हातानं ब्रेक आवळत. नंतर डब्यांना एअर ब्रेक बसवले. बाकी दोन्ही वेळी शत्रू एकच, पाणी.

घाटातला रूळ डोंगराच्या पोटात कापलेल्या अरुंद पायरीवर असतो. एका बाजूला कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला भराव. दरडीवरून उतरणारं पाणी रुळाच्या आतल्या बाजूच्या गटारात येतं आणि रुळाखालच्या मोऱ्यांमधून खाली जातं. झाडाची एक फांदी, थोडा पालापाचोळा आणि चार दगड मोरीच्या तोंडाशी अडकले की पाणी रुळावरून पलीकडे उसळतं. आधी खडी वाहून जाते. मग भरावाची कड कातरत जाते आणि शेवटी स्लीपरांसकट रूळ हवेत लोंबकळतात. फोटोत आपल्याला लोंबकळणारे रूळ दिसतात, पण बिघाड दोनशे मीटर वरच्या तुंबलेल्या गटारात असू शकतो.

म्हणून दुरुस्ती वरून खाली करत यावी लागते. आधी दरडीच्या माथ्यावरचा पाणी अडवणारा चर, मग आतलं गटार, मग मोऱ्या, मग भरावाचा पाया आणि सगळ्यात शेवटी रूळ. २०१९ नंतरच्या कामात लोखंडी स्लीपरांच्या जागी काँक्रीटचे स्लीपर आले आणि नाजूक ठिकाणी गॅबियन भिंती बांधल्या. गॅबियन म्हणजे जाळीच्या पेटीत हातानं रचलेले दगड. २×१×१ मीटरच्या एका पेटीत दोन घनमीटर दगड, म्हणजे जवळपास साडेतीन टन काळा पाषाण बसतो. काँक्रीटच्या भिंतीमागे पाणी साचलं की ते भिंत ढकलतं. गॅबियनमधून ते पाझरून जातं आणि जमीन थोडी बसली तरी पेटी वाकून जागा घेते. दगड मात्र जाळीच्या भोकापेक्षा मोठे, साधारण १५० ते २५० मिलिमीटरचे हवेत आणि ते रचायला हवेत. टोपल्यानं ओतलेली पेटी पहिल्याच पावसाळ्यात पोट काढते.

या घाटात मोटाररस्ता माथेरानच्या अलीकडच्या दस्तुरी नाक्यापर्यंतच आहे. बऱ्याच ठिकाणी सामान नेण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे हाच रूळ. मध्ये एका ठिकाणी तुटला की त्यापलीकडचं काम तिथली दुरुस्ती होईपर्यंत अडतं. पावसाळ्याचे चार महिने हातचे जातात ते वेगळेच.

अमन लॉज ते माथेरान हा वरचा टप्पा पावसातही चालतो, कारण तो पठाराच्या माथ्याजवळ आहे. त्याच्यावर दरड फारशी उरत नाही.

प्रश्न : नेरळला ठेवलेल्या जुन्या वाफेच्या इंजिनात एवढं विशेष काय होतं? (डोंबिवली)

त्याचे आस (ॲक्सल). जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीनं या मार्गासाठी ७३८ ते ७४१ क्रमांकांची चार इंजिनं बांधली. सहाही चाकं दांड्यांनी जोडलेली. चढाला हे उत्तम, कारण इंजिनाचं सगळं वजन ओढायला कामी येतं. पण तीन आस एका ताठ चौकटीत असले की आवळ वळणावर पहिलं आणि शेवटचं चाक रुळावर चढू पाहतं. यावर क्लिन-लिंडनर नावाची रचना वापरली. पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीचा केला. चाकं त्या नळीवर बसवली आणि नळीच्या आत खरा, चौकटीला धरलेला आस ठेवला. दोघांची गाठ मधोमध एका गोल सांध्यावर. त्यामुळे आतला आस सरळ फिरत राहतो आणि बाहेरची नळी चाकांसह वळणाच्या दिशेनं थोडी तिरपी होते, थोडी सरकते. अशा रचनेत वंगण कमी पडलं किंवा आत धूळ गेली की सांधा झिजतो आणि चाकं सरळ रस्त्यावरही डुलू लागतात, म्हणून तिची निगा राखणारा फिटर जाणकारच लागे.

वाफेची इंजिनं १९८० च्या दशकात थांबली. ७४० इंग्लंडला गेलं, ७४१ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

प्रश्न : आमच्या गावात बार्शी लाइट रेल्वेचं जुनं दगडी स्टेशन आहे. ब्रॉडगेज झाल्यापासून ओस पडलंय. तरुण मंडळानं ते दुरुस्त करायचं ठरवलं आहे. सुरुवात कुठून करावी? (सोलापूर जिल्हा)

कागदापासून. गेज बदललं म्हणून जमीन रेल्वेची राहत नाही असं समजू नका. सात-बारा काढा, त्यावर कोणाचं नाव आहे पाहा, आवारातले हद्दीचे दगड शोधा आणि मग संबंधित विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकांच्या (डीआरएम) कार्यालयात ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज द्या. लेखी परवानगीआधी साफसफाईसाठीसुद्धा आत शिरू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा ठरतो आणि चांगल्या कामाला सुरुवातीलाच गालबोट लागतं.

अर्जाला वजन येतं ते इतिहासानं, आणि तुमच्याकडे तो भक्कम आहे. ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेला हा मार्ग १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झाला. रुळांमधलं अंतर अडीच फूट. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही हा कॅलथ्रॉप यांचा आग्रह होता. त्यामुळे एक यार्ड लांबीला फक्त ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले आणि रेल्वे स्वस्तात झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या गाडीनं विठ्ठलाच्या दर्शनाला गेल्या आहेत. तुमचं स्टेशन यातल्या कोणत्या टप्प्यातलं हे अर्जात जरूर लिहा.

परवानगी येईपर्यंत बाहेरून जमेल तेवढी नोंद करा. प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो घ्या, शेजारी मापाची पट्टी उभी धरून. परवानगीनंतर मोजमाप करून १:५० प्रमाणात नकाशा काढा. दरवाजे, खिडक्या, तिकिटखिडकीची चौकट, दिव्याचे ब्रॅकेट, बिजागऱ्या, प्रत्येकाला क्रमांक द्या. दुरुस्तीसाठी काढलेली वस्तू क्रमांकाच्या चिठ्ठीसह कुलपात ठेवा. जुन्या इमारतींचं सर्वांत जास्त नुकसान काम चालू असताना होतं. सागवानी दार ‘तात्पुरतं’ बाहेर ठेवलं जातं आणि परत येतच नाही.

मग छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंती, मग लाकूडकाम, रंग सगळ्यात शेवटी. मंडळांना रंगाची घाई असते, कारण उद्घाटनाच्या फोटोत रंगच दिसतो. गळकं छप्पर तसंच ठेवून दिलेला रंग एक पावसाळाही टिकत नाही. घासण्याआधी जुन्या रंगाचंही भान ठेवा. त्यात शिसं असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून कोरडं घासू नका. पाणी मारून ओल्या पॉलिशपेपरनं घासा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि लहान मुलांना त्या दिवशी आवारात येऊ देऊ नका.

प्रश्न : अशाच एका जुन्या इमारतीच्या दगडी भिंतीचे दर्जे, म्हणजे दगडांमधल्या सांधी, सिमेंटनं भरल्या. वर्षभरात आतून लोणा लागला, गिलावा फुगून पडला. सिमेंट तर पक्कं असतं, मग असं का? (यवतमाळ)

पक्कं असतं म्हणूनच. काळा पाषाण जवळजवळ पाणी पीत नाही. जमिनीतून किंवा छपरातून भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला एकच वाट असते, दगडांमधले चुन्याचे दर्जे. ती सिमेंटनं बुजवली की ओल आत वळते, भिंतीच्या गाभ्यातले क्षार विरघळवून घेते आणि आतल्या गिलाव्यातून बाहेर येते. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे राहतात, फुगतात आणि गिलावा ढकलून पाडतात.

उपाय कष्टाचा आहे पण अवघड नाही. सिमेंट छिन्नी-हातोडीनं काढा. ग्राइंडर लावू नका, तो दगडाच्या कडा खातो आणि त्या परत येत नाहीत. दर्जा रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिलिमीटर खोल मोकळा करा. ब्रशनं धूळ काढून पाणी मारा आणि भिंत दमट असताना चुना भरा.

चुन्यासाठी कळीचा चुना पत्र्याच्या पिंपात पाण्यात विझवा. आधी पाणी, त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलं तर उकळता चुना अंगावर उडतो. डोळ्यांना गॉगल आणि हातात रबरी मोजे हवेतच. विझलेला चुना चाळून पाण्याखाली किमान तीन आठवडे मुरू द्या, जास्त मुरला तर उत्तम. दर्ज्यांसाठी एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली, खरखरीत वाळू. ओल जास्त असलेल्या जोत्याजवळ एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. गूळ, बेलफळ, मेथी, हिरडा यांचं पाणी जुने गवंडी घालत, पण प्रमाण माहीत असलेला गवंडी मिळाला तरच ते करा. गूळ जास्त झाला की चुना धरायला वेळ लागतो आणि मुंग्या लागतात.

एका थराची जाडी १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. वर ओलं गोणपाट बांधून किमान सात दिवस दमट ठेवा. भर पावसात आणि मे महिन्याच्या उन्हात हे काम काढू नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. चुना उन्हात पटकन वाळला तर तो धरत नाही, नुसता कोरडा होतो आणि बोटानं खरवडला तरी पूड पडते. तुमच्या कंत्राटदाराला आधी एक चौरस मीटरचा नमुना करायला लावा आणि महिनाभरानं तो खरवडून पाहा.

प्रश्न : मंगळुरी कौलांचं छप्पर दरवर्षी गळतं. कौलं बदलली तरी गळतं. (रायगड जिल्हा)

तीन गोष्टी तपासा. पहिली, रीपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधलं अंतर. नवीन कौलं जुन्यापेक्षा दोन-चार मिलिमीटर लहान-मोठी असतात आणि जुन्या रीपांवर त्यांची खाच नीट बसत नाही. अकरा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून मांडा. आधी सगळी ताणून पहिल्याच्या खाचेपासून अकराव्याच्या खाचेपर्यंत मोजा, मग सगळी दाबून मोजा. दोन्हींची सरासरी काढून दहानं भागा. ते तुमचं रीपांचं अंतर, साधारण ३२ सेंटिमीटरच्या आसपास येतं. दुसरी, उतार. कोकणात आणि घाटमाथ्यावर ३० अंशांपेक्षा कमी उतारावर वाऱ्यासोबतचं पाणी कौलाखाली मागे चढतं. तिसरी, कौलाचा दर्जा. बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आवाज म्हणजे तडा किंवा कच्ची भाजणी. एका चौरस मीटरला सुमारे १५ कौलं लागतात. दहा टक्के जास्त आणून ठेवा. माकडांचा वावर असेल तिथे आणखी जास्त, कारण तिथे कौल फुटण्याआधी सरकवलंच जातं.

पन्हळीचा हिशेबही करा. १५० चौरस मीटर छपरावर ताशी १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाला १५,००० लिटर पाणी खाली येतं. या वेगाला १०० मिलिमीटर व्यासाचा एक नळ सुमारे ४० चौरस मीटर छप्पर सांभाळतो, आणि घाटमाथ्यावर पानं आणि सरी धरून त्याहून कमीच गृहीत धरा. म्हणजे या छपराला निदान चार नळ. खाली पडणारं पाणी भिंतीपासून दूर नेणारी दगडी नाली हवीच, नाहीतर छप्पर सुधारूनही जोतं भिजत राहील.

प्रश्न : आमच्या शहरात चौथऱ्यावर जुनं इंजिन ठेवलंय. दरवर्षी रंग देतात, तरी पत्रा गळून पडतोय. (नागपूर)

ते आतून गंजतंय. धुराड्याला झाकण बसवा, नाहीतर पावसाचं पाणी थेट धूरपेटीत साचतं आणि राखेतल्या गंधकासोबत पत्रा खातं. राख पूर्ण काढा. पाण्याच्या टाक्यांचे आणि बॉयलरचे सगळे निचऱ्याचे कॉक उघडे ठेवा. बॉयलरवरच्या पत्र्याआत उष्णतारोधक वेष्टण असतं, ते स्पंजसारखं पाणी धरतं. ते काढायला हवं, पण जुन्या इंजिनांत ते बहुधा ॲस्बेस्टॉसचं असतं. म्हणून तपासणी करून प्रशिक्षित माणसांकडूनच काढून घ्या, मंडळाच्या कार्यकर्त्यांना हात लावू देऊ नका. दांड्यांवर आणि घासल्या जाणाऱ्या भागांवर रंग न देता घट्ट ग्रीस लावा. रंगाच्या दोन वर्षांच्या खर्चात साधी पत्र्याची शेड होत असेल तर शेडच करा.

प्रश्न : माथेरानची रेल्वे जागतिक वारसा आहे का? (ठाणे)

नाही. भारतातल्या पर्वतीय रेल्वेंपैकी दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका–सिमला (२००८) या तिघींना तो दर्जा आहे. माथेरान युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे.

प्रश्न : आजोबा नॅरोगेजवर स्टेशनमास्तर होते. त्यांची पुठ्ठ्याची तिकिटं आणि वह्या घरी आहेत. लॅमिनेट करू का? (लातूर)

अजिबात नको. लॅमिनेशनची उष्णता आणि चिकट थर कागदाला कायमचा पिवळा करतात आणि ते परत निघत नाही. तिकिटं आम्लरहित कागदाच्या पाकिटात एकेक ठेवा, रबरबँड आणि स्टेपल काढून टाका, पाठीमागे पेनानं काहीही लिहू नका. वह्या आडव्या ठेवा, पत्र्याच्या ट्रंकेऐवजी पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. पावसाळ्यानंतर एका कोरड्या दिवशी सावलीत उघडून कसर लागली आहे का पाहा. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आणि वह्यांत गाड्यांच्या वेळा, मालाची नोंद किंवा स्टेशन आवाराचा नकाशा असेल तर त्याची प्रत वरच्या प्रश्नातल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंडळासाठी आमच्याकडे पाठवा. त्यांच्या अर्जाला ती लागेल.